जीपच्या हार्डटॉपला मागचं दार: आधी चौकट, मग दार

हार्डटॉप बसला की मागचं दार "आता एवढंच राहिलंय" म्हणून घाईत उरकलं जातं. मग पहिल्या पावसात मागचे बाक भिजतात, कच्च्या रस्त्यावर केबिनभर धूळ होते आणि चढावर एक चाक हवेत गेलं की दार उघडतच नाही. लोक रबर बदलतात, बिजागरी घट्ट करतात, कुलूप ठोकून सरळ करतात, तरी महिन्याभरात तक्रार परत येते. कारण खोट दाराच्या भोवती असते. सुतार घराची चौकट आधी उभी करतो आणि दार तिच्या मापानं करतो. जीपच्या बाबतीत मात्र बरेच फॅब्रिकेटर दार टेबलावर बनवतात आणि मग ते गाडीला 'बसवत' बसतात.

इथे उदाहरण धरलंय ते महिंद्रा एमएम ५४० च्या धाटणीच्या जुन्या जीपचं: उघडा टब (बॉडीचा खालचा, वरून उघडा भाग), साखळ्यांवर खाली पडणारा फाळका आणि नंतर बसवलेला एफआरपीचा (काचतंतू आणि रेझिनच्या थरांचा) किंवा पत्र्याचा टॉप. तुमची गाडी वेगळी असेल तर मापं बदलतील, क्रम बदलणार नाही.

पत्रा कापण्याआधी: कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी किंवा निर्मात्याच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. सॉफ्टटॉप म्हणून नोंदलेल्या गाडीला पक्का टॉप आणि दार लावायचं असेल, तर आधी आरटीओत लेखी विचारा, काम नंतर सुरू करा. विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो.

आणखी दोन गोष्टी डिझाइनच्या पहिल्याच कागदावर लिहून ठेवा. दार किंवा स्टेपनी नंबर प्लेट, तिचा दिवा आणि मागचे दिवे झाकणार नाही. मागची काच किमान ७० टक्के उजेड आत सोडणारी असेल.

टप्पा १: दार कसं उघडणार ते ठरवा

पर्याय तीन.

पहिला, खालचा फाळका तसाच ठेवून वर उचलणारी झडप. खर्च कमी आणि टबला हात लावावा लागत नाही. तोटा असा की दोन तुकड्यांमधली आडवी फट सांभाळावी लागते, आणि पाणी नेमकं तिथूनच येतं. झडपेची खालची कड फाळक्याच्या बाहेरून किमान २५ मिमी खाली उतरली पाहिजे. ती आतून बसवली तर पाणी थेट टबात जाईल. बंद करताना फाळका आधी, झडप नंतर.

दुसरा, बाजूला उघडणारं एकच अखंड दार. सामान चढवायला आणि माणसांना चढा-उतरायला हे सर्वांत सोयीचं. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात, म्हणून बिजागऱ्या उजवीकडे आणि मूठ डावीकडे ठेवा. गाडी रस्त्याकडेला उभी असताना तुम्ही कडेच्या बाजूला उभे राहून दार उघडता आणि दार वाहतुकीकडच्या अंगाला जातं. उलट लावलं तर दर वेळी दाराला वळसा घालून रस्त्यावर उभं राहावं लागतं.

तिसरा, दोन पाखांचं दार. प्रत्येक पाखं हलकं होतं, मागे जागा कमी असली तरी उघडतं. पण मधोमध उभी पट्टी आरशात कायम दिसते आणि मधली फट बंद करायला एका पाख्यावर दुसरं चढवावं लागतं. आधी बंद होणाऱ्या पाख्याला वर आणि खाली अशा दोन कड्या हव्यातच. एकाच कडीवर ते ऑफरोडला खडखडतं.

ज्यांना गाडीतून माणसं आणि सामान दोन्ही न्यायचंय त्यांना मी अखंड दारच सुचवेन. पुढचे टप्पे मुख्यतः त्यासाठी आहेत. झडपेसाठी जिथे वेगळं करायचं आहे तिथे तसं म्हटलंय.

टप्पा २: सामान कोणत्या क्रमानं आणायचं

पत्रा आणि चौकोनी नळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती शेवटी आणा. आधी या तीन वस्तू हातात हव्यात:

१. रबर. चौकटीच्या ओठावर, म्हणजे कडेला काढलेल्या अरुंद पट्टीवर, बसणारं, पोकळ फुगा असलेलं ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) बीडिंग. फुग्याची जाडी मोजा, कारण दार आणि चौकट यांच्यातलं अंतर त्यावरच ठरतं.

२. कुलूप. दोन टप्प्यांत अडकणारं, फिरत्या जबड्याचं कुलूप घ्या. भंगारातल्या एखाद्या व्हॅनचं चांगल्या अवस्थेतलं कुलूप त्याच्या समोरच्या खुंटीसकट मिळालं तर उत्तम. खुंटी वेगळी आणि कुलूप वेगळं घेऊ नका.

३. बिजागऱ्या. आतल्या पिनेचा व्यास किमान १० मिमी, आणि पीन वर सरकून निघणार नाही अशी.

सावध: फाटकांना लागणारी बुलेट बिजागरी स्वस्त आणि मजबूत असते, पण तिच्यातलं दार वर उचललं की सुटतं. घराच्या फाटकाला ते चालतं. खडकावरून उतरताना दाराला खालून जो हिसका बसतो त्यात ते निसटू शकतं. ती वापरायचीच असेल तर पिनेच्या टोकाला स्प्लिट पिन किंवा टोपीबोल्ट लावण्याची सोय करा.

टप्पा ३: गाडी मोजण्यालायक करा

इथे लोक सर्वांत जास्त घाई करतात. जुन्या जीपच्या टबखालचे रबरी बुश दबलेले असतात. एका बाजूचा बुश ५ मिमी बसला असेल तर मागची उघडी जागा तिरकी दिसते, आणि दार त्या तिरक्या मापाचं बनतं. पुढे कोणी बुश बदलले की टब सरळ होतो आणि दार अडकतं. म्हणून आधी बुश बदला, टबचे बोल्ट घट्ट करा, मागच्या कोपऱ्यांतला सडलेला पत्रा काढून नवा जोडा. सडक्या कोपऱ्यावर चौकट उभी करण्यात अर्थ नाही.

मग गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही टायरांत सारखी हवा भरा, मागच्या बाकांवरचं सामान काढा. हार्डटॉपचे सगळे बोल्ट कसलेले असले पाहिजेत.

टप्पा ४: उघडी जागा दोनदा मोजा

रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावी, मधली, उजवी. मग दोन्ही कर्ण. कर्णांत ३ मिमीपर्यंतचा फरक चौकटीत जिरवता येतो. त्याहून जास्त असेल तर टॉप सैल करून, सरकवून पुन्हा कसा.

कर्ण सारखे आले म्हणजे जागा सपाट आहे असं मात्र नाही. चारही कोपरे एकाच पातळीत आहेत का हे टेप सांगत नाही. त्यासाठी दोन लाइनदोऱ्या घ्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून फुलीसारख्या ताणून बांधा. मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली आणि खालची वर घेऊन पुन्हा पाहा. मध्यावर ५ मिमी फट दिसली तर एखादा कोपरा साधारण १० मिमी आत किंवा बाहेर आहे. अशा जागेवर सपाट दार बसवलं की एक कोपरा रबराला टेकतच नाही. मग मिस्त्री तिथे दुहेरी रबर चिकटवतो, आणि समोरचा कोपरा उचलला जातो.

आता दुसरी मोजणी. मागच्या एका चाकाखाली २० सेंमी उंचीचा भक्कम ठोकळा ठेवा, गाडी त्यावर चढवा, पुढची चाकं लाकडी गुटक्यांनी अडवा. पुन्हा कर्ण आणि दोऱ्या. हेच दुसऱ्या बाजूला. शिडीसारख्या चेसीवर उभी असलेली गाडी पिळवटतेच, आणि ती किती पिळवटते हा आकडा तुमच्या डिझाइनचा पाया आहे. सपाट जमिनीवर ५ मिमी फट ठेवलेलं दार, कर्ण ६ मिमीनं बदलणाऱ्या गाडीत अडकणारच.

तपासणी: सगळी मापं एका कागदावर, मागून पाहताना डावं कोणतं आणि उजवं कोणतं हे लिहून. गाडीच्या आतून मोजलेली रुंदी आणि बाहेरून काढलेलं चित्र यांची उलटापालट ही फॅब्रिकेशनच्या दुकानात रोज होणारी चूक आहे.

टप्पा ५: चौकट

अखंड दाराची एक बिजागरी टबवर आणि दुसरी हार्डटॉपवर लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. टब आणि टॉप हे दोन वेगळे भाग आहेत आणि चालत्या गाडीत ते एकमेकांच्या तुलनेत हलतात. दार त्यांना जोडणारा दांडा होऊन बसतं. एफआरपी असेल तर टॉपला बिजागरीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पडतात, पत्रा असेल तर वेल्ड फुटतो.

उपाय: टबच्या फरशीपासून छतापर्यंत दोन उभे खांब आणि वर एक आडवी पट्टी अशी उलट्या यूची लोखंडी चौकट. ४० × २० मिमीची, १.६ ते २ मिमी जाडीची नळी पुरते. खांबांच्या तळाला ४ ते ५ मिमीची पाटी वेल्ड करून ती टबला बोल्टनं धरा, आणि टबच्या पत्र्याच्या खालून तशीच दुसरी पाटी द्या म्हणजे बोल्ट पत्र्यातून ओढला जाणार नाही. हार्डटॉप या चौकटीला बोल्ट करा, मध्ये ३ मिमीची रबर पट्टी. दोन्ही बिजागऱ्या एकाच खांबावर, कुलपाची खुंटी समोरच्या खांबावर. आता दार टॉपला स्पर्शच करत नाही.

चौकटीच्या आतल्या बाजूनं रबरासाठी १५ ते २० मिमी रुंद ओठ काढा. कोपरे काटकोनात ठेवू नका. पोकळ फुग्याचं रबर तीव्र वळणावर चिमटतं आणि तिथे खाच पडते. किमान ६० मिमी त्रिज्येची गोलाई द्या. खालच्या कडेला ओठाच्या बाहेर पाणी साचू नये म्हणून उतार हवा.

चौकट वेल्ड करताना आतून तात्पुरते कर्ण-दांडे टाका. सगळीकडे आधी टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड), मग २०-२५ मिमीचे तुकडे समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. एका बाजूनं सलग वेल्ड मारत गेलात तर खांब बाकतो आणि टप्पा ४ ची सगळी मेहनत वाया जाते. कर्ण-दांडे चौकट गाडीवर कसल्यानंतरच काढा.

टप्पा ६: वजनाचा हिशेब

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो केला तर बिजागरीची निवड आपोआप होते.

१.२ मिमी जाडीचा, म्हणजे १८ गेजचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला सुमारे ९.४ किलो भरतो. ५ मिमी काच त्याच क्षेत्रफळाला १२.५ किलो. ४ मिमी एफआरपी साधारण ६ किलो. म्हणजे दारातली सर्वांत जड गोष्ट काच असते, आणि लोक मात्र पत्रा पातळ करून वजन वाचवायला बघतात. काचेची उंची थोडी कमी केलीत तर जास्त फरक पडेल.

आता समजा दार ९० सेंमी रुंद, वजन २२ किलो, आणि त्यावर २८ किलोची स्टेपनी. एकूण ५० किलो, गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ सेंमी. ५० गुणिले ४५ म्हणजे २२५०. याला दोन बिजागऱ्यांमधल्या अंतरानं भागा. अंतर ३० सेंमी असेल तर वरची बिजागरी ७५ किलोच्या ताकदीनं बाहेर ओढली जाते, खालची तेवढ्याच ताकदीनं आत दाबली जाते. तेच अंतर ७५ सेंमी केलं तर ३० किलो. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात बसणाऱ्या हिसक्यासाठी किमान तिप्पट धरा.

अर्थ स्पष्ट आहे: बिजागऱ्या जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवा. दिसायला छान म्हणून दोन्ही मधोमध जवळजवळ लावण्याची फॅशन आहे. ती टाळा.

स्टेपनीबद्दल माझं मत ठाम आहे. एफआरपी दारावर ती कधीच नको. लोखंडी दारावर चालेल, पण तिचा कंस दाराच्या सांगाड्याला जोडलेला हवा, नुसत्या पत्र्याला नको. सर्वांत चांगलं म्हणजे चेसीला किंवा मागच्या बंपरला धरलेला वेगळा फिरता हात. त्याचा खर्च वाढतो आणि दार उघडण्याआधी आणखी एक गोष्ट उघडावी लागते, हे खरं. पण दार वर्षानुवर्षं लटकत नाही.

टप्पा ७: बिजागरीची जागा

दार चौकटीच्या आत बसणारं करायचं की बाहेरून चढणारं? कारखान्यातून आल्यासारखं दिसतं ते आत बसणारं. पण त्याला भोवती सगळीकडे सारखी फट लागते आणि गाडी पिळवटली की तीच फट खाऊन टाकली जाते. हातानं बनवलेल्या दारासाठी बाहेरून चढणारंच करा, चारही बाजूंनी उघड्या जागेपेक्षा २० ते २५ मिमी मोठं. मग चौकट थोडी हलली तरी दार ओठावर सरकतं, अडकत नाही.

अशा दाराच्या बिजागरीची पीन दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागापेक्षाही बाहेर, कडेच्या पलीकडे असली पाहिजे. ती आत गेली तर दार उघडताना त्याची कड खांबात रुतते. पीन रबरापासून बाजूला जितकी लांब, तितकं रबर सरळ दाबलं जातं. अगदी लगत असेल तर बिजागरीकडचं रबर प्रत्येक वेळी घासलं जाऊन मुडपतं. ४० मिमी अंतर मिळवण्याचा प्रयत्न करा.

दोन्ही बिजागऱ्यांतून एकच सरळ सळई घालून टॅक करा. पिना एका रेषेत नसतील तर दार फिरेल, पण प्रत्येक फेरीत बिजागरी वाकेल. सळई ओळंब्यात आहे का तेही पाहा.

आता एक बारकावा. बऱ्याच हार्डटॉपची मागची बाजू वरून पुढे झुकलेली असते. बिजागऱ्या त्या झुकलेल्या पातळीवर लावल्या की दार उघडताना थोडं वर चढतं, म्हणजेच सोडलं की आपोआप बंद व्हायला धावतं. सामान काढणाऱ्याच्या पाठीवर किंवा लहान मुलाच्या बोटांवर. शक्य असेल तर खालची बिजागरी आत घ्या किंवा वरची पाचर घालून बाहेर काढा आणि पिनांची रेषा उभी करा. नाहीच जमलं तर दार उघडं धरून ठेवणारा पट्टा किंवा गॅस स्ट्रट (दाबलेला वायू भरलेला, दार तोलून धरणारा दट्ट्या) सक्तीचा समजा.

टप्पा ८: फर्मा

पत्र्याला हात लावण्याआधी ६ मिमी प्लायचा पूर्ण आकाराचा फर्मा कापा आणि तो खऱ्या बिजागऱ्यांवर लटकवा. रबर ओठावर बसवलेलं हवं. फुगा १४ मिमीचा असेल तर बंद अवस्थेत तो ९-१० मिमीपर्यंत दबला पाहिजे. त्यापेक्षा कमी दबला तर धूळ येते, जास्त दबला तर दार आपटावं लागतं आणि फुगा लवकर मरतो.

फर्म्यावरच काचेची जागा, मूठ, कुलूप, नंबर प्लेट, वायपर असेल तर तो, सगळं पेन्सिलनं आखा. चालकाच्या जागेवर बसून आरशात बघा. वरची आडवी पट्टी दृष्टीच्या आड येतेय का? आत्ता बदल करायला दहा मिनिटं लागतात.

तपासणी: फर्मा लावून ठोकळ्यावरची चाचणी पुन्हा करा. दोन्ही बाजूंना चाक चढवून फर्मा उघडा आणि बंद करा. तो खांबाला कुठेही घासता कामा नये.

टप्पा ९: सांगाडा आणि पत्रा

लोखंडी दाराला २५ × २५ मिमी नळीचा सांगाडा. कुलपाकडचे दोन कोपरे सर्वांत जास्त मजबूत करा, कारण रबर दाराला तिथेच बाहेर ढकलतं आणि धरायला बिजागरी नसते. बाहेरून १८ किंवा २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा. सांगाडा चौकटीवर क्लॅम्पनं बांधून, मध्ये रबराच्या दबलेल्या जाडीचे लाकडी तुकडे ठेवून मगच वेल्ड करा. टेबलावर केलेला सांगाडा थंड झाल्यावर पिळतो.

तळाच्या नळीला ८ मिमीची भोकं पाडा, पाणी निघायला. लोक ती विसरतात किंवा पुट्टीनं बुजवतात, आणि दोन पावसाळ्यांत दार खालून सडतं.

एफआरपी करणार असाल तर बिजागरी, कुलूप आणि मूठ येणार त्या ठिकाणी ३ मिमीच्या लोखंडी पाट्या थरांच्या मध्ये गाडा. पाटीला भोकं पाडून घ्या म्हणजे रेझिन आरपार धरतं. एफआरपीत नुसते पत्र्याचे स्क्रू पिळू नका, ते सहा महिन्यांत हातानं निघतात. मोल्डमधून दार लवकर काढू नका. अर्धवट पिकलेलं दार उन्हात वाकतं.

ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर लावताना मध्ये रबर किंवा सीलंटचा थर हवाच. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे दोन धातू थेट टेकले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला सुरुवात होते.

टप्पा १०: काच

टफन काच एकदा तापवून तयार झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून वायपरचं, झडपेच्या बिजागरीचं भोक, सगळं आधीच फर्म्यावर हवं. काचवाल्याला कागदावरचं माप देऊ नका, प्लायचा फर्मा द्या. काचेवर आयएस २५५३ ची खूण असलीच पाहिजे. पॉलीकार्बोनेट हलकं असतं, पण धूळ आणि वायपर मिळून एका मोसमात ते धुरकट करतात.

काच रबराच्या गादीत बसवायची असेल तर भोवती ३-४ मिमी मोकळी जागा ठेवा. पिळवटणाऱ्या गाडीत धातूला टेकलेली काच कोपऱ्यातून फुटते.

टप्पा ११: कुलूप, टेकू आणि स्ट्रट

खुंटी आधी दोन बोल्टवर, लांबट भोकांत, म्हणजे मागेपुढे सरकवता येईल. दार ११० सेंमीच्या आसपास उंच असेल तर एकाच कुलपावर वरचा कोपरा उघडा राहतो. वर-खाली दोन ठिकाणी अडकणारी रचना करा. कुलपाजवळ रबरी पाचर-टेकू द्या, म्हणजे बंद दाराचं वजन बिजागऱ्यांवर न राहता टेकूवर बसतं. खडखड थांबते ती यानंच.

सावध: मागे माणसं बसणार असतील तर दार आतून उघडण्याची मूठ हवीच. गाडी कलंडली तर हाच बाहेर पडण्याचा मार्ग असू शकतो.

झडपेसाठी स्ट्रटचा हिशेब: वजन १२ किलो, गुरुत्वमध्य बिजागरीपासून ३० सेंमी, आणि झडप उघडी असताना बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेचं लंब अंतर १५ सेंमी. १२ किलो म्हणजे ११८ न्यूटन. गुणिले ३०, भागिले १५, म्हणजे २३६. दोन स्ट्रट असतील तर प्रत्येकी ११८, वर वीस टक्के धरून सुमारे १४०. दीडशेचे दोन घ्या. नळीवर आकडा छापलेला असतो. 'जास्त ताकदीचे बरे' म्हणून चारशेचे लावलेत तर झडप बंद करायला लटकावं लागेल आणि एफआरपी धनुष्यासारखी वाकेल. झडप बंद असताना दट्ट्याचा दांडा खालच्या अंगाला राहील असे लावा, त्यानं आतलं सील तेलात राहतं.

टप्पा १२: रंगाआधीची चाचणी

रंगानंतर चूक सापडली तर ती कोणी दुरुस्त करत नाही, सगळे तिच्यावर सीलंट फासतात. म्हणून आत्ता.

कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार बंद करा आणि ओढा. भोवती वीतभर अंतरानं हे करा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मग रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघा. त्यानंतर पाण्याचा पाइप, खालून सुरू करून हळूहळू वर. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

शेवटची तपासणी धुराची आहे आणि ती सगळ्यात महत्त्वाची. चौकोनी गाडी चालते तेव्हा तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. धूळ त्यामुळेच मागून आत येते, आणि सायलेन्सरचा धूरही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही नसतो. मागे झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या कडेच्या बाहेर आलंय का बघा, नसेल तर पाइप वाढवा. मग गाडी बंद ठेवून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगात लावून, सगळ्या काचा मिटून, रबराच्या कडेनं बाहेरून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे डोलतो तिथे फट आहे. वायरिंगचं भोक आणि फरशीतले बोल्टही यात सुटू देऊ नका. टबच्या जुन्या भोकांतून दारापेक्षा जास्त धूर येऊ शकतो. मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती सोडा.

रंगानंतर

नळीच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल सोडा. रबराचा जोड खालच्या कडेच्या मध्यावर ठेवा, फुग्यात शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीजवळून, रबरी बुशमधून आणि एक सैल वेढा देऊन न्या. ताणलेली वायर उघडझाप करून तुटते. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यानं सैल न होणारे) वापरा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चौकटीचे, बिजागऱ्यांचे आणि खुंटीचे बोल्ट पुन्हा कसा. नवं रबर बसत जातं, त्यामुळे खुंटी एक-दोन मिलिमीटर आत सरकवावी लागते. म्हणूनच तिची भोकं लांबट ठेवली होती. ती जागा कायमची वेल्ड करण्याचा मोह गॅरेजवाल्याला होईल. त्याला करू देऊ नका.